जुनी सायकल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या बहुतेक पत्रांचा मजकूर सारखाच आहे. माळ्यावरून सायकल खाली काढली, आता ती नव्यासारखी कशी करायची? आमचं मत आधीच सांगतो. जुन्या सायकलीची निम्मी ओळख तिच्या रंगात, रेघांत आणि भागांवरच्या बारीक ठशांत असते, आणि एकदा घासून काढलेलं काही परत आणता येत नाही. म्हणून आधी ओळख, मग सफाई, मग छर्रे-कोनांची, म्हणजे आसाभोवतीच्या लोखंडी गोळ्या आणि त्यांना धरणाऱ्या कड्यांची दुरुस्ती. रंगाचा डबा सगळ्यांत शेवटी, तोही खरंच गरज पडली तर.

आजोबांची काळी रॅले आहे. घरात सगळे 'अस्सल विलायती, इंग्रजांच्या काळातली' म्हणतात. पुढच्या बिल्ल्यावरची अक्षरं झिजलीत. सीटखालच्या जोडावर नंबर आहे. त्यावरून साल कळेल का? मूळचे भाग कोणते हे कसं ओळखावं? (सातारा)

फक्त नंबरावरून साल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. रॅलेच्या नंबरांच्या मालिका पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या, त्यामुळे एकच आकडा दोन वेगळ्या दशकांतल्या सायकलींवर असू शकतो. नंबर हा पुरावा आहे, पण तो इतर पुराव्यांसोबतच बोलतो.

पहिला प्रश्न सालाचा नव्हे, गावाचा. रॅले नॉटिंगहॅमला बनायची हे खरं, पण 1952 पासून सेन-रॅले कंपनी बंगालमध्ये आसनसोलजवळ कन्यापूरला याच नावाच्या सायकली बनवू लागली. आपल्याकडच्या पुष्कळ 'विलायती' रॅले तिथल्याच निघतात. त्यात कमीपणा काही नाही. सुरुवातीच्या सेन-रॅले चांगल्याच भारी आहेत. बिल्ला घासू नका. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, किंवा अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी तिरपी धरा. डोळ्यांना न दिसणारं 'नॉटिंगहॅम' किंवा 'इंडिया' बऱ्याचदा असं उमटतं.

मग भाग तपासा. रॅलेच्या पुढच्या दातेरी चक्रात बगळ्यांची डोकी कापलेली असतात. याच घराण्यातल्या हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृत्या, रजच्या चक्रात पंजा. बीएसएच्या चक्रात तीन अक्षरंच असतात. रॅलेच्या फ्रेमवर पंजाचं चक्र दिसलं, तर ते कुणीतरी नंतर चढवलेलं. युद्धानंतरच्या इंग्लिश रॅलेचे छोटे नट-बोल्टसुद्धा बोलतात: त्यांच्या डोक्यांवर 'आर. आय.' ही अक्षरं असतात, म्हणजे रॅले इंडस्ट्रीज. मडगार्डच्या काड्या, ब्रेकचे क्लिप, सीटचा बोल्ट, सगळीकडे बघा. हे बोल्ट मिस्त्री सर्रास फेकून देतात आणि बाजारातले मेट्रिक बोल्ट ठोकतात. तुमच्याकडे निम्मे जरी शिल्लक असले तरी सायकल फारशी उघडली गेलेली नाही असं समजा.

मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर कंपनीचा हब (चाकाचा मधला भाग) असेल तर नशीब. रॉकेलच्या चिंधीने त्याचं नळकांडं पुसा. 'एडब्ल्यू' या अक्षरांजवळ आकडे कोरलेले असतात. 55 आणि 3 असतील तर हब मार्च 1955 चा. युद्धाआधीच्या हबवर एकच आकडा असू शकतो. 8 म्हणजे 1938. पण हे साल हबचं आहे, सायकलचं नव्हे. चाकं बदलतात.

स्पोक मोजा. इंग्लिश पद्धतीच्या दणकट सायकलीला पुढे 32 आणि मागे 40 असतात, आणि आपल्या कारखान्यांनीही तीच पद्धत उचलली. दोन्ही चाकांना 36 असतील तर चाकं पुन्हा बांधली गेली असण्याची शक्यता मोठी.

आपल्याकडचा एक पुरावा इंग्लंडच्या संग्राहकांना मिळत नाही. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला देत, त्यावर गाव आणि साल. पुढच्या दांड्याला किंवा सीटखाली असा बिल्ला अजून लटकत असेल तर तो काढू नका. सायकल त्या साली वापरात होती एवढं तो नक्की सांगतो. बनली कधी, हे सांगत नाही. मागच्या दांड्यावर विक्रेत्याची छोटी पट्टी असेल तर तीही तशीच ठेवा.

आता हे सगळं एका कागदावर लिहा: फ्रेम, चिमटा (पुढचं चाक धरणारा), क्रँक (पायडलचा दांडा), हब, रिम, सीट, दिवा. ज्या भागांच्या खुणा एकमेकींशी दोन-तीन वर्षांच्या अंतराने जुळतात ते मूळचे धरा. एकटा पडलेला भाग बाहेरचा. पुण्याजवळ असाल तर कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय बघून या. मूळ स्थितीतल्या सायकली शेजारी-शेजारी बघितल्यावर अर्ध्या शंका आपोआप मिटतात.

काळा रंग जागोजागी उडालाय, सोनेरी रेघा पुसट झाल्यात. मिस्त्री म्हणतो सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग करू, दहा वर्षं बघायला नको. करावं का? (कोल्हापूर)

करू नका. सँडब्लास्टमध्ये पातळ ठसे आणि नंबर बोथट होतात आणि लगांच्या (फ्रेमच्या नळ्या जोडणाऱ्या सांध्यांच्या) तासलेल्या कडा गोल होतात. वर पावडरचा थर जाड बसतो, 60 ते 100 मायक्रॉनचा, त्यात उरलासुरला नंबर बुजतो आणि आट्यांत पावडर गेली की छर्ऱ्यांचे कप बसत नाहीत. सायकल चकचकीत दिसते, पण रॅले, हर्क्युलिस, फिलिप्स सगळ्या एकसारख्या दिसतात.

आधी काय आहे ते बघा. जुना कारखानी रंग भट्टीत भाजलेला असायचा. त्यामुळे तो आजच्या हवेत वाळणाऱ्या रंगापेक्षा कडक असतो, आणि तेल-धुळीच्या पापुद्र्याखाली बऱ्याचदा शाबूत सापडतो. रॅलेच्या काळ्या रंगाखाली गंजरोधक फॉस्फेटचा करडा थर असायचा. युद्धाच्या आसपासच्या काळात त्याची जाहिरात करणारा छोटा छाप फ्रेमवर असे. तो सापडला तर तुमचा रंग मूळचा आहे याचा तो भक्कम पुरावा.

रंग मूळचा की नंतरचा, हे तपासायला सीटचा क्लिप, दिव्याचा ब्रॅकेट किंवा ब्रेक-रॉडची पकड सोडवा. त्याखाली रंगाला ना ऊन लागलेलं असतं ना हात. तिथेच नखाएवढ्या जागी 1000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. थर वर्तुळं होऊन एकाबाहेर एक दिसू लागतात. धातू, करडा, काळा आणि वर पारदर्शक वार्निश दिसलं तर कारखान्याचा रंग. काळ्याखाली लाल प्रायमर, त्याखाली पुन्हा काळा, असं दिसलं तर मधे कुणीतरी रंगवलेलं आहे. अशा वेळी वरचा थर सावकाश काढून खालचा गाठता येतो, पण हे काम आठवड्यांचं आहे, एका दुपारचं नाही.

सफाईत सर्वांत जास्त नुकसान पेट्रोल आणि थिनर करतात. सोनेरी रेघा आणि छाप रंगाच्या वर आणि वार्निशच्या खाली असतात. वार्निश जुनं, बऱ्याचदा स्पिरिटमध्ये विरघळणारं. एका पुसण्यात रेघ चिंधीवर येते. म्हणून पायरी अशी: कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. साकळलेलं तेल रॉकेलने काढा, पण आधी बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस बसतो ती नळी) खालच्या बाजूला, जिथे काही लिहिलेलं नाही, तिथे करून बघा. छापांपासून रॉकेल दूरच बरं. रेघा नसलेल्या भागावर बारीक रबिंग कंपाउंड हलकं फिरवलं तर काळा रंग अनपेक्षित खोल उठतो. शेवटी मोटारीचं कार्नोबा मेण, पातळ, दोनदा. उडालेल्या जागांवर रंगाचा ठिपका द्यायचा असेल तर टोकदार ब्रशने फक्त उघड्या लोखंडावर द्या, आजूबाजूला सरकू नका.

गंज फार असेल आणि भाग सुटे असतील तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, लिटरला 20 ते 30 ग्रॅम, कोमट पाण्यात. प्लास्टिकच्या टबात दोन-चार तास ठेवून बघा, गरज वाटली तर रात्रभर. हातमोजे आणि चष्मा घाला, काम उघड्यावर करा, मुलांना लांब ठेवा. हे विष आहे. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, उन्हात नीट वाळवा, लगेच तेल लावा. न विझवलेलं अ‍ॅसिड राहिलं तर पिवळी पूड धरते. टबातल्या पाण्यात चुना घालून मगच ओता. क्रोमच्या भागांना याने इजा होत नाही, पण अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेले भाग यात टाकू नका. रेघा किंवा छाप असलेला भाग टाकायचा की नाही ते एका कोपऱ्यावर तपासल्याशिवाय ठरवू नका.

रंग खरंच गेलेला असेल, म्हणजे निम्म्याहून जास्त, तर रंगवा. पण खरवडण्याआधी प्रत्येक रेघेची जागा ट्रेसिंग पेपरवर उतरवा, जाडी व्हर्नियरने मोजा, छापांचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. मग गंजरोधक प्रायमर, दोन-तीन पातळ काळे हात, मधे 1000 नंबरने पाणी लावून घास, आणि रेघा स्टिकरने नव्हे तर ब्रशने. जुन्या पाट्या रंगवणारे पेंटर गावात अजून सापडतात. लांब केसांच्या ब्रशने लगाभोवतीची रेघ ते सहज ओढतात. मागच्या मडगार्डच्या टोकाचा पांढरा पट्टा मात्र विसरू नका. तो कुणाच्या हौसेने लावलेला नाही, मूळचाच असतो.

हँडल आणि रिमवर काळा रंग आहे, खाली क्रोम असेल असं वाटतं. तो काढून टाकू का? (बेळगाव)

थांबा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्रोम-निकेलवर निर्बंध होते आणि इंग्लंडच्या कारखान्यांनी हँडल, हब, रिम काळे रंगवूनच विकले. तसा काळा रंग मूळचा असतो आणि दुर्मीळही. नटाखाली किंवा हँडलच्या पकडीच्या आत बघा. काळ्याखाली सरळ लोखंड दिसलं तर तो युद्धकाळातला असू शकतो. चकचकीत थर दिसला तर नंतर कुणीतरी गंज झाकायला फासलेला.

मुलामाही वयाचा पुरावा आहे. 1930 च्या आसपासपर्यंत निकेल चालायचं, पुढे क्रोम आलं. निकेल किंचित पिवळसर, उबदार, आणि हवेने धुरकट होतं. क्रोम निळसर, थंड. निकेल साध्या पितळ-पॉलिशने हाताने उजळतं. त्याला मशीनचं बफ लावू नका. थर पातळ असतो, दोन मिनिटांत लोखंड दिसायला लागतं. क्रोमवरच्या ठिपक्यांच्या गंजाला चुरगाळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने पाणी लावून घासा, ते क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत. सँडपेपर आणि भांडी घासायची तारेची घासणी नको.

क्रँकची कॉटर पिन (क्रँक आसाला घट्ट धरणारी पाचर) निघतच नाही. हातोडीने ठोकून आटे वाकले. आता? (नाशिक)

सगळ्यांत जास्त क्रँक आणि बीबी इथेच बिघडतात, कारण हलके दहा घाव घातले जातात. हलक्या घावाने पिन मशरूमसारखी पसरते आणि आणखी घट्ट होते. शिवाय घावाचा जोर छर्ऱ्यांमधून कपांवर जातो आणि कपांना खळगे पडतात.

पिनच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. नट तसाच ठेवून तो टोकाच्या पातळीला येईल इतकाच सैल करा, म्हणजे आटे वाचतात. क्रँकच्या खाली, पिनच्या डोक्याच्या बाजूला, जाड भिंतीचा पाइप उभा करा. पिन पाइपच्या पोकळीत यायला हवी आणि पाइप थेट जमिनीवर टेकायला हवा. म्हणजे घावाचा जोर फरशीत जातो, बीबीत नाही. आता किमान एक किलोची हातोडी आणि एकच नेमका घाव. पिन सुटली नाही तर पुन्हा तेल, पुन्हा रात्र, पुन्हा एकच घाव. कॉटर प्रेस मिळाला तर त्याहून उत्तम. तो शांतपणे ढकलतो. तुमच्यासारखे आटे वाकलेले असतील तर वाकलेलं टोक करवतीने सपाट कापा आणि मधोमध 5 मिमीच्या ड्रिलने खोल भोक पाडा. पिन आतून ढिली होते, मग पंच लावून काढा.

नवी पिन बहुतेक इंग्लिश सायकलींना 9.5 मिमीची लागते. 9 मिमीचीही मिळते; ती जागेवर डुगडुगते आणि महिन्याभरात क्रँक खाते. जुनी पिन मोजूनच घ्या. सपाट बाजू कानसीने तासून अशी बसवा की हाताने ढकलल्यावर जवळजवळ पूर्ण आत जाईल. दोन्ही क्रँकच्या पिना उलट दिशांनी घाला: डावी क्रँक खाली असताना तिची पिन ज्या बाजूने घातली, उजवी क्रँक खाली असताना तिचीही त्याच बाजूने. तसं नसेल तर पायडलं एका रेषेत येत नाहीत. पिन ठोकून बसवा, नट ओढून नव्हे. मग नट आवळा आणि वीस-तीस किलोमीटर चालवल्यावर पुन्हा ठोका, पुन्हा आवळा. हे दुसऱ्यांदा आवळणं बहुतेक जण टाळतात आणि मग पिन खराब निघाली म्हणतात.

बीबी उघडलीच आहे तर छर्रेही बदला. पाव इंची, दर बाजूला 11. उजव्या बाजूचा कप डाव्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. हे न कळल्याने तो उलटा आवळत बसलेले लोक आहेत. डाव्या पायडलचे आटेही उलटे.

सायकल रॅले असेल तर आणखी एक खबरदारी: इतर इंग्लिश सायकलींच्या बीबीला इंचाला 24 आटे असतात, रॅलेला 26. बाजारातला 24 चा कप दोन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि मिस्त्री पान्हा लांब करून तो जबरदस्तीने बसवतो. फ्रेमचे आटे तिथेच संपतात. जुना आणि नवा कप आट्यांवर आटे ठेवून उजेडाकडे धरा. फट दिसली तर परत करा. हँडलच्या कपांचंही तेच.

रॉड ब्रेक दाबला की सायकल धक्के खाते. ब्रेक रबर दोनदा बदललं. (पुणे)

दोष रबरात नसून चाकात आहे. रॉड ब्रेकची रबरं रिमच्या बाजूला घासत नाहीत. ती खालून वर ओढली जाऊन रिमच्या आतल्या पृष्ठभागावर, स्पोकच्या दोन्ही अंगांना टेकतात. म्हणून या सायकलीला बाजूच्या आउटपेक्षा (चाक डावी-उजवीकडे डुलण्यापेक्षा) वर-खाली उडणं जास्त त्रास देतं. मिस्त्री सवयीने बाजूचा आउट काढतात आणि चाक लंबगोलच राहतं. त्यांना स्पष्ट सांगा: उडी काढा. चिमट्याला खडू बांधून चाक फिरवा, उंच जागेवर खूण पडेल; तिथले स्पोक दोन्ही बाजूंचे समान, पाव-पाव फेरा आवळा. रिमला आतून पोचा असेल तर आवळून फायदा नाही. रबर आणि रिम यांत 2 ते 3 मिमी अंतर ठेवा. पावसात क्रोमच्या रिमवर हा ब्रेक जवळजवळ धरतच नाही, ते मूळचंच आहे, दुरुस्तीने सुधारत नाही.

टायर घेताना आकडा नीट वाचा. मोठ्या चाकाला 28 × 1½, म्हणजे 635 (टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिमीमध्ये). तो आपल्याकडे सहज मिळतो. छोट्या चाकाला 26 × 1⅜, म्हणजे 590. दुकानात 26 × 1.375 लिहिलेला टायर दिला तर घेऊ नका. गणितात दोन्ही एकच असले तरी माप वेगळं आहे, तो बसत नाही.

मागच्या हबच्या मधल्या गिअरला पाय घसरतो. ग्रीस भरलं, तर आता तिन्ही गिअर मंद चालतात. (नागपूर)

ग्रीसमुळे आतल्या छोट्या खिट्ट्या चिकटतात. रॉकेल सोडून, चाक फिरवून, ओतून ग्रीस काढा, मग हबच्या टोपणातून पातळ इंजिन ऑइल, 20 नंबरचं, चमचाभर. नंतर महिन्याला चार थेंब. घसरण्याचं कारण बहुतेक वेळा केबलचं अंतर असतं. गिअर मधल्यावर ठेवा. उजव्या नटाच्या खिडकीतून बघा: केबलला जोडलेल्या छोट्या साखळीच्या दांडीची खांद्यासारखी कड आसाच्या टोकाशी सपाट यायला हवी. नसेल तर केबलचा स्क्रू फिरवा.

इकडे जुन्या बाजारातून 26 इंची रॅले घेतली, पुढच्या चाकात डायनोहब (दिव्यासाठी वीज बनवणारा हब) आहे. दिवा फारच मंद. हब उघडून साफ करू का? (लेस्टर, इंग्लंड)

आधी बल्ब बघा. तुमचा हब 6 व्होल्टचा जीएच6 असेल तर तो सुमारे 0.3 अँपिअर देतो. त्याला पुढे 0.25 आणि मागे 0.04 अँपिअरचे बल्ब लागतात. आजकालच्या डायनमोचे बल्ब त्याहून जास्त प्रवाह मागतात आणि तुमच्या हबवर लाल ठिणगीसारखे लुकलुकतात. दुसरं, तारांची टोकं आणि फ्रेमला जोडलेला परतीचा मार्ग घासून स्वच्छ करा. रंगावर आवळलेला स्क्रू वीज नेत नाही.

एवढ्यावर सुधारलं नाही तरच हब उघडा. उघडताना चुंबकाच्या कड्यातून आतली गुंडाळी तशीच बाहेर ओढू नका. चुंबकात लोखंड राहिलं नाही की त्याची ताकद कायमची घटते. गुंडाळी एका बाजूने सरकत असताना दुसऱ्या बाजूने मऊ लोखंडाचं बरोबर मापाचं कडं आत सरकत जायला हवं. तसं कडं हाताशी नसेल तर फक्त कोन आणि छर्रे तपासा, चुंबकाची बाजू बंदच ठेवा.